व्हॉल्व्ह मिटण्याची वेळ: कॅमशाफ्टच्या निवडीचा आढावा

टर्बो किंवा सुपरचार्जर यांची जोड नसलेल्या, केवळ वातावरणाच्या दाबावर श्वास घेणाऱ्या मोटार-इंजिनाची शक्ती वाढवावी असे ज्याच्या मनात येते, त्याच्यापुढे फार दिवस न जाता कॅमशाफ्टचा प्रश्न येऊन उभा राहतो. आणि हा प्रश्न बहुधा उलट्या टोकाकडून हाती घेतला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. विक्रेत्यांच्या सूचिपत्रांत ड्यूरेशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो त्याचे, आकडे चढत्या क्रमाने मांडलेले असतात, २५०, २७०, २८५, ३०० अंश. आणि ज्याअर्थी मोठ्या आकड्यापुढे मोठी अश्वशक्ती लिहिलेली असते, त्याअर्थी खिशाला परवडेल तेवढा मोठा कॅम घ्यावा, असा समज गाडीवर मनापासून प्रेम करणाऱ्या तरुणांत रूढ झालेला आहे. वास्तविक निवडीचा आरंभ सूचिपत्रापासून न होता रस्त्यापासून व्हावयास हवा: इंजिन दिवसातला बहुतेक काळ मिनिटाला किती फेऱ्यांवर फिरणार आहे हे आधी ठरावे, आणि मग बाकीचे सर्व आकडे त्या एका निर्णयाच्या तंत्राने चालावेत.

मी ज्या पापनाशममध्ये बसून हे लिहितो आहे, त्याच गावाचे उदाहरण घेतो. येथून कुंभकोणम सुमारे १५ आणि तंजावर सुमारे २५ किलोमीटर. जुन्या रस्त्याने निघाले तर दोन्ही अंगांना भाताची खाचरे, गावाला लागून गाव, कापणीच्या दिवसांत डांबरावरच वाळत पसरलेले भात, त्याच्या कडेने वाट काढणारे ट्रॅक्टर आणि सायकली, आणि या सर्वांना मागे टाकीत जाणाऱ्या भरधाव बसगाड्या. अशा रस्त्यावर वेग चाळीस ते साठ किलोमीटरच्या वर फारसा जात नाही. लहान मोटार वरच्या गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना साधारण ३० किलोमीटरच्या वेगाने चालते असे धरले, तर साठच्या वेगाला इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असते, आणि बस ओलांडण्यासाठी तिसऱ्या गिअरमध्ये उतरले तरी ते साडेतीन हजारांच्या आगेमागेच राहते. याच गाडीचा मालक वर्षातून एखाद्या वेळी श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील धावपथावर, म्हणजे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने १९९० साली सुरू केलेल्या शर्यतीच्या मार्गावर, गाडी नेतो. तेथे मात्र पाच हजारांच्या खाली काटा येऊ देणे म्हणजे वेळ गमावणे होय. या दोन्ही मागण्या एकाच शाफ्टाने पूर्णांशाने भागवाव्यात अशी अपेक्षा निसर्गनियमांना मान्य नाही, आणि म्हणून कोणत्या मागणीला अग्रहक्क द्यावयाचा हे मालकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते, आणि त्या एका फेरीत शाफ्टावरचे लोब चार घटना घडवून आणतात: इनटेक व्हॉल्व्ह उघडणे, तो मिटणे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडणे, आणि तो मिटणे. या चौघींत सर्वांत निर्णायक घटना कोणती, असे मला कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या वेळेकडे बोट दाखवीन. पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी हा व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवलेला असतो. वेगाने आत शिरणाऱ्या हवेच्या स्तंभाला स्वतःची गती असते, आणि फेऱ्या जास्त असतील तर पिस्टन वर येत असतानाही ती हवा सिलिंडरमध्ये घुसतच राहते. परंतु फेऱ्या कमी असतील तर त्या स्तंभात तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन आत घेतलेल्या मिश्रणाचा काही भाग आल्या वाटेने परत ढकलून देतो. एकच उशीर वरच्या फेऱ्यांत लाभाचा आणि खालच्या फेऱ्यांत तोट्याचा ठरतो, तो या कारणाने.

हा तोटा किती, याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. कनेक्टिंग रॉडची लांबी स्ट्रोकच्या १.६ पट आहे आणि कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ९.५ आहे असे एक इंजिन घेऊ. कारखान्याचा सौम्य कॅम इनटेक व्हॉल्व्ह तळानंतर ५० अंशांवर मिटवीत असेल, तर त्या क्षणी स्ट्रोकचा सुमारे ८७ टक्के भाग शिल्लक असतो, आणि प्रत्यक्षात घडणारे, म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्यानंतरचे, कॉम्प्रेशन ८.४ च्या घरात येते. त्याच इंजिनात ३०० अंशांचा शर्यतीचा कॅम बसवून व्हॉल्व्ह ७४ अंशांवर मिटविला, तर केवळ ७१ टक्के स्ट्रोक उरतो आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन ७ पर्यंत उतरते. पूर्वीचे ८.४ परत मिळवावयाचे तर मूळ गुणोत्तर साडेनऊवरून ११.४ च्या आसपास न्यावे लागेल. कॅम बदलला आणि हेड तसेच ठेवले, अशा गाड्या कुंभकोणमच्या बाजारात पहिल्या गिअरमध्ये अडखळतात, त्याचे मूळ या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. कार्ब्युरेटरला किंवा इंजेक्टरला दोष देऊन ते नाहीसे होत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ड्यूरेशनचा आकडा व्हॉल्व्ह किती उचलल्यापासून मोजला आहे हे कळल्याविना त्या आकड्याला अर्थ नाही. कोणी व्हॉल्व्ह बैठकीवरून जेमतेम हलल्यापासून मोजतो, कोणी १ मिलिमीटर उचलल्यावर मोजतो, आणि अमेरिकेत टॅपेट एका इंचाच्या ५० सहस्रांशांइतका, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलल्यावर मोजण्याचा प्रघात आहे. पहिल्या रीतीने २७० अंश भरणारा कॅम शेवटच्या रीतीने २२५ च्या आसपास भरू शकतो; म्हणून दोन निर्मात्यांच्या सूचिपत्रांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे हे दोन निराळ्या मापांनी भात मोजण्यासारखे होईल. विक्रेत्याकडून चारही घटनांच्या अंशांचे कोष्टक मागून घ्यावे, आणि ते देण्याची ज्याची तयारी नसेल त्याच्याकडून शाफ्ट घेऊ नये.

मोठ्या कॅमने शक्ती वाढते ती कोठून, हेही स्पष्ट व्हावयास हवे. मारुती जिप्सीचे १२९८ घनसेंटिमीटरचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन ६००० फेऱ्यांना ८० अश्वशक्ती देते. गणित केले तर त्या ठिकाणी टॉर्क ९५ न्यूटन-मीटरच्या जवळ येतो, आणि त्याहून अधिक टॉर्क ते ४५०० फेऱ्यांना देते. कॅम बदलून हाच ९५ चा टॉर्क ७००० फेऱ्यांपर्यंत टिकवून धरता आला, तर शक्ती ९३ अश्वशक्तीवर जाते. टॉर्क कणभरही वाढलेला नाही; तो वरच्या फेऱ्यांत नेऊन ठेवला गेला आहे, आणि त्याची भरपाई खालच्या फेऱ्यांतून वसूल झाली आहे. टर्बो नसलेल्या इंजिनात दर लिटरमागे मिळू शकणाऱ्या टॉर्कला एक स्वाभाविक मर्यादा असते, आणि चांगल्या हेडनेही ती फार ओलांडता येत नाही. त्यामुळे शक्तीचा वाढीव हिस्सा मुख्यतः वाढीव फेऱ्यांतूनच यावा लागतो. ज्याच्या रस्त्यावर त्या फेऱ्या कधी येतच नाहीत, त्याने तो हिस्सा विकत घेऊन काय साधले, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरा मोठा विषय ओव्हरलॅपचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधी इनटेक उघडतो, आणि काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहतात. हा काळ दोन गोष्टींवरून निघतो: दोन्ही ड्यूरेशनची सरासरी, आणि इनटेक व एक्झॉस्ट लोबांच्या शिखरांमधले अंतर, ज्याला लोब सेपरेशन म्हणतात. २४० अंशांचे ड्यूरेशन आणि ११२ अंशांचे अंतर असेल तर ओव्हरलॅप १६ अंश. २७० आणि ११० असेल तर ५० अंश. ३०० आणि १०६ असेल तर तो ८८ अंशांवर जातो. एक्झॉस्टचे हेडर नीट लांबीचे असेल तर या काळात बाहेर जाणारा धूर नव्या मिश्रणाला आत ओढून घेतो आणि इंजिन एरवीपेक्षा जास्त भरते. परंतु हा उपकार फेऱ्यांच्या ठराविक पट्ट्यापुरताच असतो. आयडलिंगवर मात्र धूर उलट इनटेकमध्ये शिरतो, मॅनिफोल्डमधली निर्वातता क्षीण आणि डळमळीत होते, आणि इंजिन खडखडत, धक्के देत चालते. ज्या इंजिनांत मॅनिफोल्डमधल्या दाबावरून इंधनाची मात्रा ठरते, तेथे नियंत्रकाला इंजिनावर भार आहे असा भास होऊन तो अकारण जास्त पेट्रोल सोडतो. याहूनही गंभीर बाब म्हणजे ब्रेकचा बूस्टर याच निर्वाततेवर चालतो. भाताने अर्धा व्यापलेल्या रस्त्यावर, समोरून बस येत असताना, पेडल एकाएकी दगडासारखे कठीण लागावे, ही गोष्ट मला अश्वशक्तीच्या कोणत्याही आकड्याच्या मोबदल्यात मान्य होणार नाही. शिवाय पीयूसीच्या दाखल्यासाठी आयडलिंगवरच कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासले जातात, आणि मोठ्या ओव्हरलॅपच्या इंजिनातून न जळलेले मिश्रण सरळ बाहेर पडत असल्याने ही तपासणी पार करणे कठीण होते. जिप्सीसारख्या एकाच शाफ्टाच्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट यांच्यातले अंतर ग्राइंडिंगच्या वेळीच कायमचे ठरते. नंतर ते बदलण्याची मुभा राहत नाही. दोन स्वतंत्र शाफ्टांच्या इंजिनात ती राहते, आणि हा त्या रचनेचा मोठा गुण होय.

लिफ्टबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो याबद्दल, थोडक्यात सांगता येईल. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांशाएवढा उचलला की त्याच्या कडेने मिळणारी वाट तोंडाच्या क्षेत्रफळाइतकी होते. ३० मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला हे अंतर ७.५ मिलिमीटर पडते. त्यापुढची लिफ्ट निरुपयोगी नसते, पण तिचा लाभ पोर्ट आणि हेड त्या योग्यतेचे असतील तरच पदरात पडतो. लोब किती तीव्र असावा यालाही मर्यादा आहेत: बकेट टॅपेटचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर कॅमच्या दर अंशाला व्हॉल्व्ह ०.२६ मिलिमीटरहून अधिक वेगाने उचलता येत नाही, कारण त्यापुढे लोब टॅपेटच्या काठाबाहेर जाऊन घासू लागतो. स्प्रिंगांकडे तर विशेष लक्ष हवे. फेऱ्या ६००० वरून ७००० वर गेल्या की व्हॉल्व्हवरील जडत्वाचा जोर ३६ टक्क्यांनी वाढतो. जुन्या स्प्रिंगांवर नवा कॅम चढविणाऱ्याचे व्हॉल्व्ह लोबला सोडून तरंगू लागतात आणि शेवटी पिस्टनला जाऊन भिडतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इनटेकच्या बाजूला सुमारे २ आणि एक्झॉस्टच्या बाजूला सुमारे २.५ मिलिमीटर मोकळीक राहिली पाहिजे, आणि ती अंदाजाने न धरता पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने फिरवून मोजली पाहिजे.

शाफ्ट बनतो कसा, हे जाणून घेतल्याशिवाय मात्र निवड पुरी होत नाही, आणि येथे मराठी वाचकाने सोलापूरकडे पाहावे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली ज्या सोलापुरात झाला, आणि ज्यांनी पुढे १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापून मुंबईत मोटारनिर्मितीचा पाया घातला, त्यांच्या त्या गावात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशींच्या मोटार-कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवीत आली आहे. चादरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळी मुलखात हा बारकाईचा उद्योग रुजावा, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. बिडाचा शाफ्ट ओततात तेव्हा वाळूच्या साच्यात, जेथे लोब येणार तेथे, उष्णता झपाट्याने शोषून घेणारे धातूचे तुकडे बसविलेले असतात; त्यांना चिल म्हणतात. चिलला लागलेले लोखंड इतक्या त्वरेने थिजते की त्यातील कार्बनला ग्राफाइटच्या रूपाने वेगळे व्हायला अवकाशच मिळत नाही, आणि लोबच्या पृष्ठावर काचेसारखे कठीण असे पांढरे बीड तयार होते. आतला गाभा सावकाश थंड झाल्यामुळे करडा, त्या मानाने मऊ आणि लेथवर काम करण्याजोगा राहतो. एकाच ओतकामातून कठीण कवच आणि सोशिक गाभा मिळतो. ही युक्ती जुनी असली तरी आजही तिला तोड नाही.

या कवचाची जाडी मर्यादित असते, ही गोष्ट आपल्याकडच्या निवडीला थेट जाऊन भिडते. नवा शाफ्ट परदेशातून मागविणे महाग पडत असल्याने पुष्कळ जण मूळचाच शाफ्ट पुन्हा ग्राइंड करून घेण्याचा मार्ग धरतात. दक्षिणेत त्यासाठी कोइमतूरकडे, महाराष्ट्रात पुणे-कोल्हापूरकडे पाहिले जाते. या कामात लोबच्या टोकावर धातू चढवीत नाहीत. टोक जवळजवळ राखून त्याचे बूड आणि बाजू घासतात, म्हणजे उरलेल्या उंचवट्याची लिफ्ट आणि ड्यूरेशन आपोआप वाढतात. बेताने घासले तर हा शाफ्ट रस्त्यावरच्या गाडीला उत्तम लागू पडतो, किंबहुना माझा कल याच मार्गाकडे आहे. लोभाने घासले तर मात्र ग्राइंडिंगचे चाक पांढऱ्या बिडाचे कवच भेदून मऊ गाभ्यापर्यंत पोचते, आणि असा लोब काही हजार किलोमीटरांत चेपून गोल होतो. बूड लहान झाल्यामुळे पडलेली फट जाड शिमने किंवा लांब पुशरॉडने भरून काढावी लागते, याचाही खर्च आधीच धरावा. नव्या घासलेल्या सपाट टॅपेटच्या कॅमला पहिल्या प्रथम सुमारे वीस मिनिटे दोन हजारांच्या वरच्या फेऱ्यांवर, जस्तयुक्त तेलात, चालवून बैठक द्यावी लागते. ती न दिल्यास सर्वांत चांगला शाफ्टही पहिल्याच दिवशी वाया जातो.

इंजिनांच्या जातीप्रमाणे तारतम्य बदलते. प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ६८ मिलिमीटरच्या बोअरचे, ७५ मिलिमीटरच्या स्ट्रोकचे, आणि कॅम ब्लॉकमध्ये ठेवून पुशरॉडने व्हॉल्व्ह हलविणारे. मद्रासच्या उत्तरेस शोलावरमच्या युद्धकाळातील धावपट्टीवर शर्यती भरत त्या काळात अशा इंजिनांवर हौशी मंडळींनी अपार मेहनत घेतली. सरळ, लांब धावपट्टीवर मोठा कॅम शोभून दिसे; त्या काळच्या आठवणींवरून आजच्या रस्त्यावरची गाडी बांधणे मात्र उचित नाही. पुशरॉड आणि रॉकर यांचे वजन सोसून या इंजिनाला सहा हजारांच्या पुढे नेणे व्यर्थ आहे. खालच्या आणि वरच्या फेऱ्यांचा हा तंटा मिटविण्याचे खरे प्रयत्न परदेशात झाले: आल्फा रोमिओने १९८० साली इनटेकची वेळ चालत्या इंजिनात बदलण्याची सोय केली, आणि होंडाने १९८९ साली व्हीटेकच्या रूपाने एकाच शाफ्टावर सौम्य व उग्र असे दोन्ही लोब ठेवून १५९५ घनसेंटिमीटरमधून १६० अश्वशक्ती काढली. ज्याच्या हाती व्हीटेकचे इंजिन आहे, त्याने कॅमच्या भानगडीत पडण्याआधी हेडर, इनटेक आणि नियंत्रकाची जुळणी ही कामे पुरी करावीत, असे मी सांगेन. त्याच्या कॅममध्ये आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी मुळातच आहेत.

आता हवा आणि इंधन. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. वीस अंशांच्या हवेच्या मानाने चाळीस अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी विरळ असते, आणि तापलेले मिश्रण नॉकिंगकडे लवकर झुकते. उलटपक्षी समुद्रसपाटीच्या लगत असल्याने येथे वातावरणाचा दाब पुरेपूर मिळतो. पुण्याला, सुमारे ५६० मीटर उंचीवर, तो सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. म्हणून तेथे निर्धास्त चालणारे चढ्या कॉम्प्रेशनचे इंजिन येथे आणले की वैशाखात ठोके देऊ लागणे अगदी संभवनीय आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या बाबतीत थोडी सवलत दिली आहे, कारण त्याचे ऑक्टेन ९५ असावे असे मानक सांगते. परंतु त्याला हवेच्या प्रमाणात इंधन जास्त लागते, आणि पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट मोठे करणे व रबरी नळ्या बदलणे हे ओघानेच येते.

मग पापनाशमच्या माणसाने घ्यावे काय? माझे उत्तर असे की, रोजच्या वापराच्या आणि क्वचित धावपथावर जाणाऱ्या गाडीला बैठकीपासून मोजलेले २६४ अंशांच्या आसपासचे ड्यूरेशन पुरेसे आहे. इनटेक लोबचे शिखर १०६ अंशांवर ठेवले, तर हा कॅम व्हॉल्व्ह तळानंतर ५८ अंशांवर मिटवितो, आणि मूळ कॉम्प्रेशन साडेनऊवरून १० वर नेले, तर प्रत्यक्ष कॉम्प्रेशन कारखान्याच्या कॅमइतकेच, म्हणजे ८.४, राहते. खालच्या फेऱ्यांतले फार थोडे गमावून वर सहाशे-सातशे फेऱ्यांचा उपयुक्त पट्टा हाती येतो. जिप्सीच्या मापाच्या सिलिंडरात ही वाढ हेड सुमारे अर्धा मिलिमीटर घासून मिळते.

परंतु हेड घासले की कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या तेवढा जवळ येतो, बेल्टची ताणलेली बाजू आखूड लागते, आणि कॅमची वेळ क्रँकच्या मानाने सुमारे एक अंश मागे पडते. जो व्हॉल्व्ह ५८ अंशांवर मिटेल असे धरून कॉम्प्रेशनचा हिशेब मांडला, तो हिशेबापेक्षा उशिरा मिटू लागतो. म्हणून पुलीवरच्या खुणा जुळल्या एवढ्यावर विश्वास ठेवून इंजिन बंद करू नये. क्रँकला अंशांची तबकडी लावावी, व्हॉल्व्हवर डायल गेज टेकवावा, पिस्टनचे खरे शिखर दोन्ही दिशांनी फिरवून निश्चित करावे, आणि इनटेक व्हॉल्व्ह मिटतो तो अंश कोष्टकाशी ताडून पाहावा. फरक निघाल्यास सरकत्या पुलीने, ती नसल्यास चावीच्या खाचेत ऑफसेट चावी बसवून, तो दुरुस्त करावा, आणि प्रत्यक्षात आलेला आकडा इंजिनाच्या नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वेळी बेल्ट बदलणाऱ्या मेकॅनिकला तोच आकडा लागणार आहे.